विद्यापीठांतल्या दुपारच्या मैफली : आपल्या मुलांनी तिथे जाऊन का बसायला हवं?

दिवाळीची सुट्टी संपली की महाराष्ट्रात गाण्याचा हंगाम सुरू होतो. मोठ्या महोत्सवांची पोस्टर्स लागतात, तिकिटांची चर्चा होते. त्याच दिवसांत विद्यापीठांच्या संगीत विभागांतही मैफली होतात. त्यांची बातमी मात्र बहुतेक वेळा विभागाच्या नोटीस बोर्डापलीकडे जात नाही. दुपारी वर्ग संपले की हॉलमध्ये सतरंजी अंथरली जाते, तानपुरे जुळवले जातात आणि विद्यार्थी, अध्यापक किंवा एखादे पाहुणे कलाकार गायला-वाजवायला बसतात. संध्याकाळच्या आत सगळं आटोपतं.

येत्या हंगामात अशा मैफली होतील तेव्हा आपल्या समाजातल्या पालकांनी मुलांना तिथे नक्की घेऊन जावं, असं मला वाटतं. दुपारच्या मैफलीत काय ऐकायला मिळतं, या संगीताशी आपलं नातं काय आणि मुलांना पुढे त्याचा काय उपयोग होऊ शकतो, ते इथे सोप्या भाषेत सांगतो.

दुपारचीच मैफल का महत्त्वाची?

आपल्या शास्त्रीय संगीतात रागाला वेळ असते. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार असे आठ प्रहर धरले आहेत. एक प्रहर तीन तासांचा. नमाजी माणसाला हे समजायला अवघड नाही. फजरच्या सुमारास भैरव, जोहरच्या आसपास सारंगाचे प्रकार, असरकडे जाताना मुलतानी आणि मगरिबच्या तोंडावर मारवा, पूरिया, श्री, असा साधारण हिशेब लक्षात ठेवता येईल. (ही फक्त आठवणीची युक्ती आहे, नमाजचा आणि रागाचा काही संबंध नाही.)

आता अडचण अशी की आजची बहुतेक गाणी संध्याकाळी सहानंतर सुरू होतात, कारण लोक नोकरीवरून सुटतात तेव्हा. आणि उघड्यावरची गाणी रात्री दहाला थांबवावी लागतात, कारण सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातल्या काही ठरावीक दिवसांना सूट मिळते तेवढीच. म्हणजे उरले संध्याकाळचे चार तास. तेवढ्या वेळात बसणारे यमन, पूरिया धनाश्री, बागेश्री वगैरे राग लोक पुन्हा पुन्हा ऐकतात. दुपारचे राग मात्र रेकॉर्डिंगमध्ये राहतात.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. नंतर त्याची वेळ बदलली आणि आता तिथे दुपारची सत्रंही असतात. तेवढ्यामुळे भीमपलासी, मुलतानीसारखे राग मोठ्या मंचावर ऐकू येतात. पण सगळ्यांनाच तिथे जाणं जमत नाही. विद्यापीठाच्या विभागात मात्र दिवसभर तालीम चालूच असते. मुलं दुपारचा राग दुपारीच शिकतात आणि दुपारीच गाऊन दाखवतात. म्हणून तो राग त्याच्या वेळेला, माणसाच्या गळ्यातून, चार-पाच हातांवर बसून ऐकायचा असेल तर ही जागा सगळ्यात सोपी.

घरच्या दृष्टीनेही ही वेळ सोयीची आहे. अनेक घरांत मुलींना रात्रीच्या कार्यक्रमाला पाठवत नाहीत. दुपारी गेलेली मुलगी मगरिबच्या आत घरी येऊ शकते. शाळा-कॉलेजच्या मुलांचा दुसऱ्या दिवसाचा अभ्यास बुडत नाही. रात्री परतीची रिक्षा शोधावी लागत नाही.

चार राग, एकच वाट

‘आम्हाला त्यातलं काही कळत नाही’ असं पालक म्हणतात. थोडं कळायला वेळ लागत नाही. दुपारचे चार राग घ्या : भीमपलासी, पटदीप, मधुवंती आणि मुलतानी. चौघांची वर चढायची वाट एकच आहे. खालच्या नी पासून सुरुवात, मग सा, ग, म, प, नी आणि वरचा सा. चढताना रे आणि ध गाळायचे, उतरताना घ्यायचे. फरक आहे तो स्वरांच्या कोमल-तीव्रपणात.

घरात पेटी असेल तर पांढरी एक सा धरून करून बघा. भीमपलासीत ग कोमल म्हणजे काळी दोन आणि नी कोमल म्हणजे काळी पाच, बाकी सगळे पांढरे. यातला फक्त नी बदला, काळी पाच सोडून पांढरी सात घ्या, की पटदीपचे स्वर झाले. आता म बदला, पांढरी चारऐवजी काळी तीन. हे मधुवंतीचे स्वर. शेवटी उतरताना येणारे रे आणि ध कोमल करा, म्हणजे काळी एक आणि काळी चार. हे झाले मुलतानीचे.

नुसते स्वर म्हणजे राग नव्हे, हे खरंच. कुठे थांबायचं, कोणत्या स्वरावर जोर द्यायचा, ग वर कसं आंदोलन घ्यायचं, हे गुरूसमोर बसूनच येतं. पण एवढी खूण लक्षात ठेवून मैफलीला गेलात तर गायकाने राग सांगायच्या आधीच तुमचा मुलगा कोपर मारून सांगेल, ‘अब्बू, हा भीमपलास दिसतोय.’ गणिताच्या तासाला सूत्र ओळखलं की मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तोच इथेही दिसतो.

या चौघांच्या आधी, भर दुपारी, सारंग. वृंदावनी सारंगात ग आणि ध नाहीतच. चढताना शुद्ध नी, उतरताना कोमल नी. शुद्ध सारंगात दोन्ही म लागतात. आणि मियाँ की सारंग हा प्रकार मियाँ तानसेन यांच्या नावाने ओळखला जातो.

शब्द आपलेच आहेत

मैफलीत बसल्यावर कानावर पडणारे शब्द बघा. मैफल, ख्याल, तराणा, रियाज, तालीम, उस्ताद, शागिर्द. उर्दू माध्यमातल्या मुलाला यातला एकही शब्द नवा नाही. फक्त काहींचे अर्थ मराठीत येताना थोडे सरकले. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पहिलवानांचा आखाडा, नाटकाची पूर्वतयारी आणि गुरूने समोर बसवून दिलेली गाण्याची विद्या. तिन्हींत ‘घोटून शिकणं’ हा अर्थ शिल्लक आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवा. गझलच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस येतो, तसं बंदिशीतही रचनाकाराचं टोपणनाव येतं. ‘सदारंग’ ऐकलं तर समजा हे नियामत खाँ, अठराव्या शतकात मुहम्मद शाह रंगीले यांच्या दिल्ली दरबारातले. ‘प्रेमपिया’ म्हणजे आग्रा घराण्याचे फैयाज खाँ. ‘प्राणपिया’ म्हणजे त्याच घराण्याचे विलायत हुसेन खाँ. सदारंगांची रचना आज देशपांडे किंवा कुलकर्णी आडनावाची मुलगी गाते. उस्तादांनी कृष्णावर रचलेल्या बंदिशीही आहेत. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि वाटूही नये.

पहिली गायनशाळा कुणी चालवली?

गाणं शाळेत, वर्गात बसवून, वेळापत्रक लावून शिकवता येतं ही कल्पना आज साधी वाटते. दीडशे वर्षांपूर्वी ती तशी नव्हती. विद्या घराण्यात राहायची, बापाकडून मुलाला किंवा फार तर गंडा बांधलेल्या शागिर्दाला मिळायची. १८८६ मध्ये बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी गायनशाळा सुरू केली आणि ती उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती दिली. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, मराठी घरातले. मौलाबक्ष यांनी हिंदुस्थानीबरोबर कर्नाटक संगीतही आत्मसात केलं होतं. मुलांना लिहून-वाचून शिकता यावं म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत तयार केली. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचं गांधर्व महाविद्यालय लाहोरला १९०१ मध्ये निघालं. त्याच्या पंधरा वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

१९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही बडोद्यातच भरली. सयाजीरावांचा आश्रय होता आणि पुढाकार पं. विष्णु नारायण भातखंडे यांचा. फैयाज खाँ हेही बडोदा दरबारचे गायक होते. ‘आफताब-ए-मौसिकी’ हा किताब त्यांना म्हैसूरच्या महाराजांकडून मिळाला होता. १९५० मध्ये बडोद्यातच त्यांचा इंतकाल झाला. मौलाबक्ष यांची ती गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स शाखा म्हणून चालू आहे. म्हणजे विद्यापीठातला संगीत विभाग ही आपल्यासाठी परकी जागा नाही. त्याच्या पायाच्या पहिल्या दगडांपैकी एक एका उस्तादाने ठेवला आहे.

याच मौलाबक्ष यांचे नातू, मुलीचे चिरंजीव, म्हणजे इनायत खाँ. १८८२ मध्ये बडोद्यात जन्मले, आजोबांच्या घरात वाढले. १९१० मध्ये ते पश्चिमेकडे गेले आणि तिथे संगीताबरोबर तसव्वुफचा पैगाम पोहोचवला. त्यांची मजार दिल्लीत निजामुद्दीन परिसरात आहे. त्यांची मुलगी नूर इनायत खान दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध काम करताना पकडली गेली आणि १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत मारली गेली.

आपल्याच गल्लीतली घराणी

मुंबईत भेंडी बाजार म्हटलं की खरेदी आणि खाणं आठवतं. त्याच वस्तीच्या नावाचं एक गायन घराणं आहे, हे तिथल्या किती मुलांना माहीत असेल? उत्तर प्रदेशातून मुंबईत आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ या घराण्याचे संस्थापक. छज्जू खाँ यांचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकरही काही काळ शिकल्या. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग चर्चगेटला आहे, १९६९ पासून. भेंडी बाजारातून तिथपर्यंतचं अंतर काही जास्त नाही. पण ते अंतर आपली मुलं क्वचितच कापतात.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँ राहिले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. मिरजेत किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ राहिले. १९३७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर. स्त्रियांनी जाहीर मैफलीत सन्मानाने बसून गावं, हा पायंडा पाडणाऱ्यांत हिराबाईंचं नाव आधी घेतलं जातं.

मिरजेतच शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घरांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं बनवायला सुरुवात केली. सतारमेकर हेच पुढे त्यांचं आडनाव झालं. पंढरपूर भागातून येणारे मोठे भोपळे, लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात यांतून तानपुरा तयार होतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. विद्यापीठातल्या मैफलीत गायकाच्या मागे उभे दोन तानपुरे दिसले, तर ते मिरजेहून आलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

पण वाद्य आपल्या माणसाने बनवलं, बंदिश आपल्या उस्तादाने रचली आणि ऐकायला, शिकायला बसलेल्यांत आपली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, हे चित्र बरं नाही. यात कुणी आपल्याला हाकलून दिलेलं नाही. आपण जाणं कमी केलं.

‘पण हे जायज आहे का?’

हा प्रश्न येणारच, आणि तो टाळून चालणार नाही. संगीताबाबत उलेमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत. अनेक आलिमांचं, विशेषतः हनफी परंपरेतल्या बऱ्याच जणांचं मत वाद्यांच्या विरोधात आहे. इमाम गजाली यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये समाअवर स्वतंत्र भाग लिहून, ऐकणारा कोण, काय ऐकतो, कोणत्या हेतूने ऐकतो, अशा शर्ती मांडल्या. चिश्ती सिलसिल्यात समाअ आहे. नक्शबंदी बुजुर्ग सामान्यतः त्यापासून दूर राहिले. मी शाळेत शिकवतो, फतवा देणं माझं काम नाही. ज्या घरात गाणं ऐकत नाहीत त्या घराचा निर्णय त्या घराने घ्यावा, त्यांच्याशी हुज्जत नाही.

पण ज्या घरात दिवसभर मोबाईलवर सिनेमाची गाणी आणि रील्स चालू असतात, लग्नात डीजे लागतो, तिथे मुलीने ‘मला गाणं शिकायचंय’ म्हटल्याबरोबर धर्म आठवतो, हे तपासून बघायला हवं. तिथे अडचण धर्माची कमी आणि ‘लोक काय म्हणतील’ याची जास्त असते. आणि ज्यांना स्वतः ऐकायचं नाही, त्यांनीही मुलांना इतिहास म्हणून मौलाबक्ष, अल्लादिया खाँ ही नावं सांगायला हरकत नसावी.

पोटापाण्याचं काय?

पालकांचा दुसरा प्रश्न हा. प्रामाणिक उत्तर असं की फक्त मंचावर गाऊन घर चालवणारे थोडेच असतात. पण रस्ते इतरही आहेत. संगीतात पदवी, पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. करता येते. यूजीसीच्या नेट परीक्षेत संगीत हा विषय आहे, म्हणजे प्राध्यापकीचा मार्ग खुला आहे. शाळांत संगीत शिक्षक लागतात. आकाशवाणीच्या ऑडिशनमधून कलाकाराला श्रेणी मिळते. ध्वनिमुद्रण, वाद्यदुरुस्ती, संगीतावरचं लेखन, उर्दू-फारसी शब्दांच्या बंदिशींचा अभ्यास, ही कामंही आहेत. शेवटच्या कामात तर उर्दू जाणणारा विद्यार्थी इतरांच्या दोन पावलं पुढे असतो.

शाळकरी मुलांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्रात शास्त्रीय गायन, वादन, नृत्य यांच्या मान्य परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना दहावीत ठरलेल्या नियमांनुसार वाढीव गुण मिळतात. त्यासाठी प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. मुलगा तबला शिकत असेल तर आठवी-नववीतच मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून उपयोग नाही.

महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाच्या विभागाशिवाय पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आणि फक्त मुलींसाठी हवं असेल तर एसएनडीटी विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. प्रवेशाला घराणं विचारत नाहीत. गळा, हात, कान आणि मेहनत बघतात.

जाताना काय लक्षात ठेवायचं?

आधी विभागाच्या कार्यालयात फोन करून किंवा स्वतः जाऊन विचारा : येत्या महिन्यांत दुपारच्या मैफली कधी आहेत, बाहेरच्या श्रोत्यांना येता येतं का, पास लागतो का. गेटवर ओळखपत्र मागतात, ते जवळ ठेवा. शुक्रवारची मैफल असेल तर जुम्म्याच्या नमाजचा हिशेब करून निघा.

तानपुरे जुळवले जात असतानाच जाऊन बसा. ते जुळवणं हाही ऐकण्याचा भाग आहे, कान तिथेच तयार होतो. मोबाईल बंद. आलाप चालू असताना उठू नका, जायचंच असेल तर एक राग संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या वेळेत जा. पहिला भाग संथ असतो. विलंबित एकतालात एक आवर्तन संपायला बराच वेळ लागतो आणि मुलं चुळबुळ करतात. त्यांना एकच काम द्या : तबल्याच्या समेवर बोट टेकवायचं. दोन-चारदा चुकतील, मग जमेल. सम जमली की चुळबुळ थांबते. जागा आवडली तर ‘वाह’, ‘सुभानअल्लाह’ मनापासून म्हणा. दाद द्यायची ही पद्धत तिथे सगळ्यांना ओळखीची आहे.

विद्यार्थी गात असेल तर आवाज कापेल, तान हुकेल. त्यातही आपल्या मुलांना शिकण्यासारखं खूप असतं. आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी मुलगी, घाबरलेली, तरी मुलतानी पूर्ण करून उठते, हे पाहिलं की ‘हे मोठ्या लोकांचं काम’ ही समजूत गळून पडते.

माझी उर्दू आणि मराठी, दोन्ही माध्यमांच्या शिक्षकांना विनंती आहे. वर्षातून एक सहल किल्ल्यावर किंवा वॉटर पार्कला जातेच. एक दुपार जवळच्या विद्यापीठाच्या संगीत विभागासाठी ठेवा. विभागप्रमुखांना पत्र दिलं तर वीस-पंचवीस मुलांची बसायची सोय होऊ शकते. जाण्याआधी मुलांना फळ्यावर तीन नावं लिहून द्या : मौलाबक्ष, अल्लादिया खाँ, अब्दुल करीम खाँ. आल्यावर विचारा, कोणता राग होता, किती वाजता गायला, बंदिशीत कुणाचं नाव आलं. पंचवीसपैकी एका मुलाने जरी दुसऱ्या दिवशी येऊन ‘मला शिकायचंय’ म्हटलं, तर त्याच्या घरी जाऊन बोलायची तयारी ठेवा.